हा आनंद मना आहे

धरणगावला मी सात वर्षं मराठी शिकवलं, पण त्या सात वर्षांतले हिवाळे तेवढे मला आठवतात. बाकीचे ऋतूही आले असतीलच. आठवणीत मात्र ते गाव कायम कापसाच्या हंगामात असतं. जिनिंगच्या शेडमधून सुटलेले रुईचे तंतू दुपारभर हवेत तरंगत. त्यांना कुठे पोचायची घाई नसे. विजेच्या तारांवर, बोरीच्या काट्यांवर, हेडमास्तरांच्या टोपीवर ते सारख्याच आदराने बसत. चारच्या तिरप्या उन्हात सगळा बाजार पाण्याखाली असल्यासारखा दिसायचा. माणसं हळू चालताहेत, हाका उशिरा पोचताहेत, असं वाटायचं.

मी जळगावहून पॅसेंजरने अप-डाऊन करत असे. शाळा सुटल्यावर परतीच्या गाडीला तास-दीड तास उरायचा. तो वेळ मी माझ्या मित्राच्या ओट्यावर काढायचो. मित्र माझ्याच शाळेत भूगोल शिकवायचा. मूळचा सोनगीरजवळच्या एका खेड्यातला, घरात अहिराणी बोलणारा. आई लवकर गेल्यामुळे त्याला विधवा आत्याने वाढवलं होतं. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. माझं घर जळगावातलं, कारकुनाचं. आमच्याकडे वडील रागावतानासुद्धा शुद्ध बोलत. त्यामुळे मार बसला तरी व्याकरण सुधारायचं.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. शेजारच्या मुलाला दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली. अक्का साखरेची वाटी घेऊन घरोघर हिंडून आली आणि माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवत म्हणाली, "घ्या गुरुजी. हाऊ आनंद मना शे."

मी गंभीर झालो. समोरच्या भिंतीवर 'येथे जाहिराती चिकटवणे मना आहे' असं रंगवलेलं होतं, आणि मला माहीत असलेला 'मना' तेवढाच. या बाईला आनंद मना आहे! विधवांच्या दुःखावरच्या बऱ्याच कादंबऱ्या तोवर माझ्या वाचून झाल्या होत्या. मी आवाज खाली आणून म्हणालो, "असं म्हणू नये अक्का. काळ बदलतोय."

अक्का माझ्याकडे पाहत राहिली. मग भाच्याला म्हणाली, "काय म्हनी राह्यनात रे हे?"

मित्र ओट्यावर आडवा होऊन हसत होता. "अरे पंडित, मना म्हणजे माझा. हा आनंद माझा आहे, असं म्हणतेय ती."

"पण नोकरी शेजाऱ्याला लागली ना?"

"तेच तर. तिला तेवढा फरक कळत नाही."

खरंच कळत नसे. कुणाची म्हैस व्यायली, कुणाची मुलगी दहावीला पास झाली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, की अक्का साखर घेऊन निघायची आणि तेच म्हणायची. कधी 'मना बी शे' म्हणायची, म्हणजे माझासुद्धा. मला ते भाबडेपण वाटायचं. दुसऱ्याच्या चांगल्या बातमीवर काय बोलावं हे मला माहीत होतं. 'अभिनंदन' हा शब्द मी फार स्वच्छ उच्चारायचो.

मित्र आणि मी, दोघंही कथा लिहायचो. मी त्याला माझ्या वाचून दाखवायचो. त्याच्या मात्र तो कुणाला दाखवत नसे. अक्षर खराब आहे म्हणायचा. एका उन्हाळ्यात आम्ही दोघांनी आपापली बाडं पुण्याच्या एकाच प्रकाशकाकडे पाठवली, पोस्टात एकाच रांगेत उभे राहून. दिवाळीच्या आधी माझं बाड परत आलं. सोबत पत्र होतं: 'आपले लेखन भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे. मात्र...' मात्र या शब्दापुढचं वाचावं लागत नाही. मी बाड कपाटात जुन्या वर्तमानपत्रांखाली ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्या दिवशी मित्र मला स्टाफरूमच्या बाहेर घेऊन गेला. हातात पोस्टकार्ड होतं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "माझं छापताहेत म्हणे."

"अभिनंदन," मी म्हणालो. अनुस्वार अगदी जागेवर.

"तुझं काही आलं?"

"अजून नाही."

हे खोटं मी इतक्या सहज बोललो की क्षणभर मलाच आशा वाटली. त्या संध्याकाळी अक्काने साखर दिली. "तुमनं बी छापाई जाई, गुरुजी," ती म्हणाली. साखर तोंडात विरघळेपर्यंत मी समोरच्या तारेवर अडकलेल्या रुईकडे पाहत राहिलो. त्यानंतर ओट्यावर जाणं मी कमी केलं. वह्या तपासायच्या आहेत, सर्दी झाली आहे, अशी कारणं सांगून स्टेशनच्या बाकावर बसू लागलो. सात वर्षांत मला दुसरा मित्र मिळाला नव्हता, आणि हाही आता हातचा चालला आहे, हे मला त्या बाकावर बसून अगदी नीट दिसत होतं. उठून जाणं मात्र होत नव्हतं.

गावातल्या वाचनालयाने सत्कार ठरवला. पुस्तक अजून छापून यायचं होतं, पण वाचनालयाच्या अध्यक्षांना हार घालायला कुठलंही कारण पुरायचं. मानपत्र अर्थात मी लिहायचं. त्या पंचक्रोशीतली सगळी मानपत्रं मीच लिहायचो. सोसायटीच्या चेअरमनना मी 'ज्ञानसूर्य' केलं होतं, गुरांच्या डॉक्टरांना 'करुणेचा महासागर'. दोन महिन्यांनी क्रम बदलून तीच विशेषणं तिसऱ्याला लावायचो. तक्रार कुणाचीच आली नाही. माणूस स्वतःला महासागर म्हटल्यावर सहसा खोली विचारत नाही.

या वेळी मात्र एकही विशेषण बसेना. मित्राचं मी काही वाचलेलंच नव्हतं आणि आता वाचायची इच्छाही नव्हती. शेवटी नेहमीचे सूर्य-सागर घातले आणि अखेरची ओळ उसनी घेतली. खाली अक्काचं वाक्य लिहिलं: 'हाऊ आनंद मना बी शे.' स्वतःला एक खरं वाक्य सुचत नाही तेव्हा दुसऱ्याचं वापरावं, एवढाच त्यात विचार होता.

जळगावच्या छापखान्यात मुद्रितं तपासली तीही मीच. दुपारची वेळ होती, यंत्राचा एकसुरी आवाज चालू होता. उभ्या-उभ्या, अर्धवट झोपेत, हातातलं लाल पेन आपोआप चालत होतं. सात वर्षं पोरांच्या वह्यांत जे केलं तेच केलं. 'हाऊ'चं 'हा' केलं. 'शे'चं 'आहे' केलं. 'बी' खोडलं. 'मना'वर काही खूण केली नाही, कारण शुद्धलेखनाच्या दृष्टीने 'मना' निर्दोष होता.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मित्राला फेटा बांधला होता. तो कानांवर आला होता, त्यामुळे मित्र लग्नाला आणलेल्या पण नवरी न सापडलेल्या माणसासारखा दिसत होता. माझ्या हातात काचेची फ्रेम दिली गेली आणि मी वाचू लागलो. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, त्यात धूळ आणि रुई तरंगत होती. माझाच आवाज मला लांबून येत होता. सूर्य झाला. सागर झाला. आणि मी शेवटची ओळ मोठ्याने, अतिशय शुद्ध वाचली:

"हा आनंद मना आहे."

वाचून झाल्यावर मला ती ऐकू आली.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या; ते प्रत्येक पूर्णविरामाला वाजवत. मागच्या बाकांवर खसखस पिकली. आमचे ड्रॉइंगचे सर म्हणाले, "कोणाला मना आहे, सर?" मला फ्रेम खाली ठेवायलाही जागा दिसेना. मित्र फेट्याखालून माझ्याकडे बघत होता. त्याला ते कळलं होतं. चूक तर कळलीच होती, आणि चुकीच्या आतलं जे मी दिवाळीपासून झाकून ठेवलं होतं, तेही.

पहिल्या रांगेत बसलेल्या अक्काने शेजारणीला विचारलं, "काय वाचं गुरुजीनी?"

"आनंद मना, म्हने."

"मंग?" अक्का सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली. "मना शेच. आनि गुरुजीना बी शे. त्यात दात काढासारखं काय शे?"

हसणारे गप्प झाले. मी मात्र खाली बसलो ते मान वर न करता.

चहाच्या वेळी मित्र फेटा काखेत मारून माझ्यापाशी आला. "तुझं परत आलंय."

"हो."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"म्हणजे मी तुला पोस्टकार्ड दाखवलं तेव्हा..."

"कपाटात होतं."

तो बराच वेळ बशीतला चहा ढवळत राहिला. बशीत ढवळण्यासारखं काही नसतं. मग म्हणाला, "सांगितलं असतंस तर मी बातमी जरा हळू सांगितली असती, यार."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर परतवता आल्या असत्या. शेवटी मी म्हणालो, "तुझ्या कथांची कार्बन कॉपी आहे?"

"आहे. पण अक्षर..."

"दे."

संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून मी ती फिकट निळी पानं उघडली. मनात नेमकं काय शोधत होतो ते लिहायला संकोच वाटतो. चुका शोधत होतो. पहिल्या पानावर तीन मिळाल्या आणि जिवाला बरं वाटलं. दुसऱ्या पानावर एक होती. तिसऱ्या पानापासून मोजायचं राहिलं. एका बाईचं वेड्या मेंढपाळाशी भांडण होतं, मग एक आटलेली विहीर आणि तिच्या तळाशी उतरलेली माणसं. विशेषण म्हणून औषधालाही नाही. डब्यातला पिवळा दिवा मिणमिणत होता, बाहेर कपाशीची शेतं जाऊन केळीच्या बागा आल्या होत्या, अंधुक उजेडात त्यांची पानं कान हलवल्यासारखी हलत होती. मी विहिरीच्या तळाशी होतो. वरून कुणीतरी दोर सोडत होतं आणि तो पुरत नव्हता. कथा संपली तेव्हा गाडी थांबलेली होती, आणि समोरच्या पाटीवर भुसावळ लिहिलं होतं.

जळगाव कधी गेलं ते मला कळलंच नव्हतं. फलाटावर उतरून मी बाकावर बसलो आणि परतीची गाडी येईपर्यंत पुढची कथा वाचली. मधेच लक्षात आलं की या माणसाचा मला हेवा वाटायचा आहे आणि तो गेल्या तासाभरात वाटायचा राहून गेला आहे. नंतर तो परत आला, दुसऱ्याच दिवशी सकाळी दाढी करताना. पण थोडा कमी होता.

सोमवारी धरणगावला उतरलो तर मित्र फलाटावर उभा. तो कधी स्टेशनवर येत नसे. पुण्याच्या प्रकाशकाने होकार दिला होता, गावाने फेटा बांधला होता, तरी हा माणूस सकाळी थंडीत कुडकुडत माझ्या तोंडाकडे बघत होता.

"वाचलं?"

"भुसावळला गेलो," मी म्हणालो.

"कशाला?"

"वाचत होतो. जळगावला उतरायचं राहिलं."

त्याला ते समजायला वेळ लागला. "आणि पास?"

"जळगावपर्यंतचाच."

"टी.सी. आला असता म्हणजे?"

"तुझं नाव सांगितलं असतं."

तो खाली बघून हसला, आणि मग डोळे पुसायला म्हणून रुमाल काढून नाक शिंकरत बसला. जरा वेळाने त्याने विचारलं, "कुठल्या कथेला?"

"विहिरीच्या."

"ती अक्काला अजून वाचून दाखवली नाही मी," तो म्हणाला. "धीर होत नाही. तिच्या भावाचीच गोष्ट आहे ती." मग रुमाल खिशात घालत, "तू वाचशील? तुझं वाचन चांगलं आहे. फक्त बोली आहे तशी राहू दे."

शाळेची पहिली घंटा ऐकू आली. आम्ही दोघं शाळेचा रस्ता सोडून त्याच्या घराकडे वळलो.