पावणेसतरा किलो

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे: अमेरिकी बनावटीच्या कॅरॅव्हानची गॅसटाकी सौदी अरेबियात भरून मिळते काय?

कॅरॅव्हान म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर. हुफूफच्या इस्पितळात माझे पती डॉक्टर आहेत आणि मी तिथल्या भारतीय शाळेत विज्ञान शिकवते. एक सहकारी मायदेशी परतला, तेव्हा त्याची कॅरॅव्हान आम्ही घेतली. तिच्या पुढच्या दांड्यावर गॅसच्या दोन पांढऱ्या टाक्या आहेत. शेगडी, फ्रिज आणि हीटर या तिन्हींचा प्राण त्या टाक्यांत असतो.

पहिलाच लांबचा प्रवास ठरला तो हफ्र अल बातिनचा. माझा धाकटा भाऊ सुनील तिथल्या एका कॅम्पात पाइप-फिटर होता. एकाच देशात राहूनही दोन वर्षे आमची भेट नव्हती. आता त्याची बदली यान्बूला, म्हणजे पार दुसऱ्या किनाऱ्यावर, झाली होती. शुक्रवारी चार वाजता त्याची बस कॅम्पातून सुटणार होती. फोनवर तो म्हणाला, "ताई, मेसचा भात खाऊन जिभेवर शेवाळ आलंय गं." मी तिथेच शब्द दिला: शुक्रवारी दुपारी तांदळाची भाकरी आणि सुरमईचे कालवण, आणि तेही तव्यावरून थेट पानात!

गुरुवारी पहाटेच निघालो. बाजारातून आदल्या दिवशी आणलेली कनअद (आपली सुरमई) बर्फात होती. खजुरीच्या बागा मागे पडल्या आणि वाळूचा रंग तांबूस होत गेला. हिवाळी सरींनंतर उगवलेले बोटभर गवत दोन्ही बाजूंना हिरवी झाक धरून होते. वाळवंट हिरवे असू शकते, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. पाहिले मात्र त्या दिवशी. मी काचेला नाक लावून बसले होते.

नुऐरिया गावात चहासाठी थांबलो. एक टाकी हलकी वाटली म्हणून मी ती समोरच्या गॅसच्या दुकानात दिली. दुकानदाराने ती आत ठेवली आणि भरलेली दुसरी आणून दिली. मी सील तपासले, टाकी उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि समाधानाने परतले. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची, हीच आपली जन्माची सवय. आपल्याकडे सिलिंडर कुणाचा स्वतःचा असतो थोडाच?

चूक कळली ती शुक्रवारी सकाळी, हफ्रच्या बाहेर उघड्या माळावर. रात्रीच्या थंडीत हीटरने आमची उरलेली टाकीही संपवली होती. नवी जोडायला घेतली, तर तिच्या तोटीचे आटे आमच्या नळीला बसेनात. तोटीची घडणच वेगळी होती.

तेवढ्यात सुनील टॅक्सीतून उतरला. किती बारीक झाला होता! पाया पडला आणि हसत म्हणाला, "गॅस संपला? ताई, आपली आई म्हणायची, तू मीठसुद्धा मोजून टाकतेस!"

"मीठ मोजलं रे, आटे मोजायचे राहिले."

डॉक्टर म्हणाले, "तू तर फिटर. काहीतरी जुगाड कर की."

सुनीलने नळी हातात घेतली, दोन्ही तोंडे निरखली आणि खाली ठेवली. "नाही भावोजी. पाणी असतं तर बांधलं असतं. गॅसला मी टेप लावत नाही."

सरपण तोडायला इथे बंदी आहे. हॉटेलचे नाव काढताच सुनील म्हणाला, "हॉटेल यान्बूलाही असेल." मग मासळीची राखण डॉक्टरांकडे सोपवली, आमची रिकामी टाकी गाडीत घातली आणि आम्ही दोघे गावात निघालो. गाडी मी चालवली.

हफ्र हे हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकणाऱ्यांचे गाव आहे. रिहलात (सहलीच्या सामानाची) दुकाने रांगेने होती, पण जुम्याच्या नमाजासाठी सगळी बंद. आम्ही पायरीवर बसलो. दोन वर्षांचे बोलणे तिथेच सुरू झाले, तरी माझे अर्धे लक्ष घड्याळात होते. एक वाजता एक उंच पठाण चाचा शटर उघडायला आले.

टाकी पाहून ते म्हणाले, "बहनजी, ये तो अमरीकी बोतल है. सब बोलेंगे बदल लो. मत बदलना! मैं भर दूँगा." आतून त्यांनी पितळी जोडांनी खच्चून भरलेला डबा आणला आणि एक जोड आमच्या तोटीवर फिरवला. तो बसला! मी चक्क टाळी वाजवली.

टाकी काट्यावर चढली. चाचांनी टाकीच्या कॉलरवरचा (तोटीभोवतीच्या कड्यावरचा) वीसचा आकडा वाचला. "बीस किलो. बीस भरता हूँ."

मी ओरडलेच, "रुकिए चाचा! बीस किलो नहीं, बीस पौंड!" खिशातल्या पावतीच्या पाठीवर मी गणित मांडले. रिकाम्या टाकीचे वजन सतरा पौंड, म्हणजे सुमारे पावणेआठ किलो. गॅस वीस पौंड, म्हणजे सुमारे नऊ. एकूण पावणेसतरा. त्यापुढे एक चमचाही नाही, कारण गॅसला प्रसरणासाठी मोकळी जागा लागते.

"मेहमान को कम दूँ?" चाचा खरोखरच दुखावले.

"चाचा," सुनील म्हणाला, "ये टीचर है. इसने मुझे भी ज़्यादा नंबर कभी नहीं दिए."

चाचा मोठ्याने हसले आणि त्यांनी नळी उघडली. तोटीशेजारचा बारीक स्क्रू सुनीलने सैल केला. फुस्स आवाज येत राहिला. मी काट्याकडे पाहत होते: चौदा, पंधरा, सोळा. पावणेसतराला काटा टेकला आणि त्याच क्षणी स्क्रूतून पांढरा फवारा उडाला. टाकी पुरेशी भरल्याची ती खूण. "खलास!" आम्ही तिघे एकदम म्हणालो. पाठ्यपुस्तकातले वाक्य डोळ्यांदेखत खरे ठरावे, याहून मोठा आनंद शिक्षकाला कोणता?

दोनला माळावर पोचलो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहिले. एकही बुडबुडा आला नाही. शेगडी पेटली. तीनच्या आत कालवणाला उकळी फुटली आणि पहिली भाकरी टम्म फुगली. सुनील वाळूत मांडी घालून बसला. चौथ्या भाकरीला म्हणाला, "ताई, मीठ कमी आहे." डॉक्टर हसून लोटपोट झाले. पावणेचारला आम्ही त्याला बसपाशी सोडले. उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून त्याने पोटाशी धरल्या होत्या.

परतताना नुऐरियाला थांबलो. आमची पांढरी टाकी मालमोटारीतून कधीच पुढे गेली होती. "तिचा इकामा झाला म्हणायचा," डॉक्टर म्हणाले. इकामा म्हणजे परदेशी माणसाचा इथे राहण्याचा परवाना.

तेव्हा उत्तर असे: टाकी भरून मिळते, पण प्रत्येक दुकानात नाही, बदलून मात्र कुठेही मिळते, आणि बदललेली आमच्या कामाची नसते. माझा अनुभव एका टाकीचा आणि एका गावाचा आहे. म्हणून वाचकांना विनंती, की निघण्यापूर्वी आपल्या टाकीची तोटी आणि कॉलरवरचे आकडे त्यांनी स्वतः तपासून पाहावेत, आणि माझे गणितही.