नजमाताईंचे गुरुवार

पहिल्याच दिवशी नजमाताईंनी मला जिन्यात थांबवलं. आमचं घर धनकवडीत दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि या बाई पूर्ण आंधळ्या. मी लगबगीनं खाली गेले, त्यांचा हात घट्ट धरला आणि वर ओढायला लागले. दोन पायऱ्या चढून त्या उभ्या राहिल्या.

"हात सोडा काकू. मला गरज लागली तर मी तुमचा धरीन. तुम्ही माझा धरलात की माझी वरात निघते."

मग माझ्या कोपराच्या वर दोन बोटं टेकवून त्या अर्धं पाऊल मागून चढल्या. दारात पोचल्यावर म्हणाल्या, "चौतीस पायऱ्या. शेवटून पाचवी बुटकी आहे." तीस वर्षं मी त्या जिन्यानं ये-जा करत होते, पण पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या.

त्या आल्या होत्या आमच्या ह्यांच्यासाठी. काचबिंदूनं ह्यांची दृष्टी गेली होती. उभं आयुष्य कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढणारा हा माणूस दीड वर्ष खिडकीपाशी पलंगावर बसून होता. मी धरून न्यायचे, धरून आणायचे. कुणीतरी एका संस्थेचा फोन नंबर दिला आणि दर गुरुवारी नजमाताई यायला लागल्या. भवानी पेठेतून निघायच्या आणि स्वारगेटला बस बदलायच्या. कॉलेजात असताना त्यांची नजर गेली होती. आता नव्यानं आंधळ्या झालेल्यांना घरी जाऊन जगायला शिकवणं, हे त्यांचं काम. मला काय हवं आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ह्यांनी पूर्वीसारखं सकाळी कोपऱ्यावरून दूध आणावं, एकट्यानं." दुसरं काही मला सुचलंच नाही.

"मोठं मागितलंत," त्या म्हणाल्या.

आमच्या घराला त्यांनी शिस्त लावली. खुर्ची जिथं आहे तिथंच राहील. दार एकतर पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट दारानं आंधळ्याचं कपाळ फुटतं. खोलीत आलात तर आले म्हणून सांगा, गेलात तर गेले म्हणून सांगा. शेजारच्या कुलकर्णीबाई त्यांच्यासमोर अडखळत 'दिव्यांग' म्हणाल्या, तेव्हा नजमाताई गोड हसल्या. "आंधळी म्हणा हो. शब्द लांब केलात म्हणून मला जास्त दिसणार नाही."

चहा त्यांनी ह्यांनाच ओतायला लावला, कपाच्या काठावर बोट आत वाकवून. ह्यांना चटका बसला तशी मी धावले. "काकू, बसा. त्यांचं बोट आहे, त्यांना भाजू दे," त्या म्हणाल्या. ह्यांनी पुन्हा ओतला. चौथ्या गुरुवारी चहा बशीत सांडला नाही. ह्यांनी तो कप माझ्यापुढे सरकवला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

मग काठी आली. काठी डावीकडे टेकते तेव्हा उजवा पाय पुढे, उजवीकडे टेकते तेव्हा डावा. फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळायचं, पिठाच्या गिरणीचा आवाज आला की पाऊल आवरायचं, पुढे फुटपाथवर लावलेल्या स्कूटरी काठीनं चाचपत दूधवाल्या सचिनच्या दुकानापर्यंत. दोन महिने नजमाताई ह्यांच्या दहा पावलं मागून चालल्या. ह्यांना ते माहीत असायचं, कारण त्या अधूनमधून उगाच खोकायच्या. "चोरून मागे चालायचं नाही, हा माझा नियम आहे," त्या मला म्हणाल्या. "सोमवारपासून ते एकटे जातील. तुम्ही घरात बसायचं. जीव टांगणीला लागेल, लागू दे."

मी शब्द दिला.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस हे एकटे गेले आणि दुधाची पिशवी घेऊन एकटे परत आले. मी ओट्याजवळ उभी राहून देवाचं नाव घेत होते, पण घराबाहेर पाऊल टाकलं नाही. बुधवारी ह्यांनी आंघोळ करताना गाणं म्हटलं. संध्याकाळी आपण होऊन मुलाला बंगळुरूला फोन लावला आणि म्हणाले, "अरे, दूध मी आणतो हल्ली."

गुरुवारी पहाटे गॅलरीतून पाहिलं तर गिरणीपुढचा रस्ता कुणीतरी केबलसाठी खणलेला, मातीचा ढीग फुटपाथवर. मी ह्यांना ते सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण ऐकून ते बिचकतील, जाणारच नाहीत असं मला वाटलं. ते खाली उतरले आणि मी चपला न घालता मागून निघाले. चपलांचा आवाज त्यांनी ओळखला असता, इतकी अक्कल मला त्या क्षणी बरोबर सुचली.

ढिगाला काठी लागली. ते थांबले, काठीनं दोन्ही बाजू तपासल्या आणि कडेनं वळून पुढे गेले. माझी काही गरज नव्हती. मला इतकं हायसं वाटलं की मी मागे वळायचंच विसरले आणि त्यांच्यामागोमाग दुकानापर्यंत गेले. सचिननं त्यांच्या हातात पिशवी दिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर बोट ठेवलं, पण तोवर तो बोलून गेला होता.

"काय काकू, आज अनवाणीच?"

ह्यांनी मान वळवली नाही. घरात आल्यावर त्यांनी विचारलं, "रोज होतीस मागे?"

"नाही हो. आजच आले. रस्ता खणलाय म्हणून."

"हं," ते म्हणाले. काठी घडी करून टेबलावर ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

त्याच दिवशी नजमाताई आल्या. मी सगळं खरं सांगितलं. त्या आत ह्यांच्याशी बराच वेळ बोलत होत्या. मला बाहेर ऐकू येत होतं. "काका, ते तीन दिवस तुमचेच आहेत. सचिनला विचारा."

"त्याला हिनं पढवलं असेल," हे म्हणाले. "तुम्हाला तरी कसं कळणार, ताई? तुम्हीही माझ्यासारख्याच."

बाहेर येऊन नजमाताईंनी माझ्या हातचा चहा घेतला. "चिडले नाही असं म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "चिडले आहे. ते पडले असते तर मी त्यांना परत उभं केलं असतं. ज्याला दिसत नाही त्याला पडताळून बघता येत नाही, काकू. त्याच्यापाशी दुसऱ्याचा शब्द तेवढा असतो."

पुढचे सहा गुरुवार त्या आल्या. हे पलंगावरून उठले नाहीत. नजमाताई तासभर शेजारी बसायच्या, बसमधल्या गमती सांगायच्या, कंडक्टरच्या नकला करायच्या. हे ऐकायचे, क्वचित हसायचेही. सहाव्या गुरुवारी त्या मला म्हणाल्या, "लोणी काळभोरचा एक जण आहे, अपघातात डोळे गेलेत. तिशीचाही नाही. पुढच्या आठवड्यापासून हा वार त्याला देते." मी थांबवू शकले नाही. त्या जिना उतरल्या, एका हातानं कठडा धरून, आणि या वेळी त्यांना माझं कोपर लागलं नाही.

आता वर्ष होईल. मी बाहेर जाताना सांगते, येते तेव्हा सांगते. परवा बँकेत गेले होते, दीड तास लागला. परत आले तर हे रिकाम्या खोलीत माझ्याशी बोलत होते. पाणी दे, म्हणत होते. "आत्ता आले मी," मी म्हटलं.

"तू गेलीच कुठे होतीस," ते म्हणाले. "माहीत आहे मला, तू इथेच असतेस."

ते पाणी प्यायल्यावर मी गॅलरीत जाऊन नजमाताईंना फोन लावला आणि हे जसंच्या तसं सांगितलं. चहापासून रस्त्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांच्यापाशी काहीतरी युक्ती असायची. त्यांच्या मागे बसचे हॉर्न ऐकू येत होते.

"काकू," त्या म्हणाल्या, "मला एकट्यानं चालायला शिकवता येतं. आपण एकटे आहोत, हे पटवायला नाही येत."