तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

“ताई, ह्या गोळ्या मी आता बंद करणार हाय,” सुनीता म्हणाली आणि मी पेन खाली ठेवलं.

मी कोल्हापुरात समाजकार्याचं संशोधन करते. मानसिक आजाराचे उपचार चालू असलेल्या माणसाला घरातून आधार मिळतो का, असा विषय होता. त्यासाठी आम्ही सविस्तर मुलाखती घ्यायचो. म्हणजे एकेकाशी एकट्याने, निवांत बोलायचं आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही.

सुनीता आजऱ्याची. काजू कारखान्यात कामाला. बाळंतपणानंतर तिला डिप्रेशन आलं होतं. गोळ्यांनी बरं वाटत होतं, झोप लागत होती. पण त्या ती तांदळाच्या डब्यात लपवून ठेवायची. सासूबाईंना कळलं तर काय म्हणतील, ही धास्ती. त्यात नणंद राहायला येणार होती.

“डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस,” मी म्हणाले. तिने मान हलवली, पण मनापासून नाही.

पुढची मुलाखत सासूबाईंची होती. त्यांना सगळे आक्का म्हणत. त्या गोठ्यात म्हशीला वैरण घालत होत्या. सुनेची तब्येत कशी आहे, एवढंच मी विचारलं.

“तांदळाच्या डब्यात गोळ्या हाईत तिच्या,” आक्का हळूच म्हणाल्या. “पाकीट घिऊन मेडिकलात गेलते मी. डोक्याच्या हाईत, रोज घ्याय पायजेत, म्हणाला त्यो. तवापासनं मी तांदूळ काढतच न्हाय. तिलाच सांगते, काढ म्हणून.”

“मग तिला बोललात का नाही?”

“ती लपवतीया. लाज वाटत असंल. मी कशाला उघडं पाडू?”

मी रस्त्यावर येऊन सरांना फोन लावला. ते आमच्या प्रकल्पाचे प्रमुख.

“एकीचं दुसरीला सांगायचं नाही,” सर म्हणाले.

“सर, ती औषध सोडेल.”

“मग जिचं बोलणं आहे, तिची परवानगी घे.”

मी परत गोठ्यात गेले. गोळ्या बंद करायचा सुनीताचा बेत सांगायची मला मुभा नव्हती. “आक्का, तुम्ही आत्ता जे सांगितलंत, ते सुनीताला सांगू का?”

“तू कशाला? मला त्वांड न्हाय व्हय?”

हात धुऊन त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग.

“सुनीता, गोळ्या तांदळात ठिवू नगंस. देवाच्या फळीवर ठिव. थितं कोण हात लावत न्हाय.”

सुनीताच्या हातातली परात तशीच राहिली. “तुमास्नी कवापासनं ठावं हाय?”

“ते ऱ्हाऊ दे. जेवलीस का? जेवूनच घ्यायची, म्हणाला त्यो मेडिकलवाला.”

सुनीता खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. आक्का तिच्याशेजारी बसून राहिल्या. मला कुणी जा म्हणालं नाही, पण मी निघाले.

पुढच्या भेटीपर्यंत नणंद येऊन गेली होती. गोळ्या कसल्या, असं तिने विचारलंच. “सुनंचं औषध हाय, तुला काय करायचंय?” असं म्हणून आक्कांनी विषय मिटवला होता. सुनीताचे उपचार नीट चालू होते. आता डॉक्टरांकडे जाताना आक्काही सोबत जायच्या, आणि डॉक्टरांना जास्त प्रश्न त्याच विचारायच्या.

तेव्हापासून एकाच माणसाशी बोलून मी कुठल्याही घराबद्दल मत लिहीत नाही. अहवालाला उशीर होतो. सर ओरडतात. ओरडू देत.