पुलाच्या पलीकडे एक जास्त

माझ्या कामात "मला वाटलं" हे शब्द चालत नाहीत. मी वाहतुकीचे सर्व्हे करते. म्हणजे रस्त्याच्या कडेला माणसं बसवायची, गाड्या मोजायच्या आणि संध्याकाळी तक्ता भरायचा. दिसलं ते लिहायचं, दिसलं नाही ते लिहायचं नाही. घरीही हेच वातावरण. आम्ही बौद्ध, वडील परभणीकडून कामासाठी इकडे आले आणि कोपरखैरणेत स्थायिक झाले. नवस, उतारे, लिंबू-मिरची यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की वडील विचारायचे, "तू स्वतः बघितलंस का?" बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपायची.

आता तोच प्रश्न मला कुणी विचारला तर… मी स्वतः काहीच बघितलं नाही. म्हणून तर इथे लिहिते आहे.

बेलापूरच्या किल्ला जंक्शनवरून उरणकडे निघालं की पनवेल खाडीवरचा पूल लागतो. खाली दोन्ही बाजूंना तिवरं, ओहोटीला काळा चिखल, पलीकडे उलवे. कंटेनरचे ट्रेलर आणि दुचाक्या दिवसभर धावत असतात. गेल्या हिवाळ्यात या पुलावर तीन दिवसांचा सर्व्हे आमच्याकडे होता, सकाळी सात ते संध्याकाळी सात. पद्धत सोपी. पुलाच्या बेलापूरच्या टोकाला एक जण, उलव्याच्या टोकाला एक जण. दोघांनी गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे आणि दुचाकीवर, कारमध्ये किती माणसं आहेत ते लिहायचं. मग मी लॅपटॉपवर दोन्ही याद्या जुळवायच्या. मधे वळायला जागा नाही, बसस्टॉप नाही, कुणी थांबतही नाही. इकडून जे चढलं तेच तिकडे उतरणार.

उलव्याच्या टोकाला मी म्हात्रेकाकांना बसवलं होतं. काका शिरवण्याचे, बस कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. घरी करमत नाही म्हणून आमच्याकडे यायचे. चालत्या गाडीतली माणसं त्यांच्याइतकी बरोबर मोजणारा मी बघितलेला नाही. त्यांच्या थोडं पुढे, फक्त ट्रक-ट्रेलर मोजायला, माझे सहकारी नासीरभाई होते. नासीरभाई उरणचे, कोकणी मुसलमान, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. या लाइनमध्ये मला त्यांनीच आणलं.

पहिल्या संध्याकाळी याद्या जुळवल्या. गाड्या जुळल्या. माणसं मात्र जुळेनात. अकरा दुचाक्या अशा होत्या की बेलापूरला चढताना एक माणूस आणि उलव्याला उतरताना दोन.

चुका होतात. पण चूक दोन्हीकडून होते हो… कधी एक जास्त, कधी एक कमी. इथे सगळीकडे एक जास्त. आणि सगळ्या दुचाक्या दुपारी तीन ते पाचमधल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. नऊ दुचाक्या, एकावर दोन.

मी त्या संध्याकाळी उलव्याला गेले आणि काकांना जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "काका, दुपारी डुलकी लागते का तुम्हाला? सगळा डेटा खराब होतोय."

काका आपली पाण्याची बाटली पिशवीत भरत होते. थांबले. म्हणाले, "बाय, तीस वरसां बशीन डोकी मोजलीत मी. माजी नजर नाय चुकत."

"मग एकाची दोन कशी होतात?"

"तां मना काय म्हाईत? मागं बाय बसलेली हाय, मी दोन लिवतो."

"कोण बाई?"

काकांनी नासीरभाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सगल्यांचे मागं एकच बाय हाय."

मला हसू आलं. म्हटलं, "हे तुम्ही काल का नाही सांगितलंत?"

"तुमी आकडा मागितला," काका म्हणाले, "तोंड नाय."

मला वाटलं म्हातारा चूक झाकतोय. खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त राग आला होता. तिसऱ्या दिवशी मी स्वतः बेलापूरच्या टोकाला उभी राहिले आणि नासीरभाईंना सांगितलं, "तीन वाजल्यापासून फोन चालू ठेवा. काकांच्या शेजारीच उभे राहा. मी एकटा स्वार बघून कळवते, तुम्ही तिकडे बघा."

सव्वातीनला पहिली गाडी सांगितली. नासीरभाई म्हणाले, "आली, एकटाच आहे." दुसरी, तिसरी, चौथी… सगळी बरोबर. मी मनात म्हटलं, सापडली काकांची डुलकी. मग पावणेचारच्या सुमाराला एक सिक्युरिटी गार्ड गेला. निळा युनिफॉर्म, जुनी मोटारसायकल, मागच्या सीटवर इलॅस्टिकच्या दोरीने डबा बांधलेला. तिथे माणूस बसायला जागाच नव्हती. मी नंबर सांगितला, वर डब्याचंही सांगितलं.

दोनेक मिनिटं गेली. पलीकडून नुसता गाड्यांचा आवाज. मग नासीरभाईंचा आवाज, अगदी खालचा.

"ज्योती… दोघं आहेत."

"नीट बघा."

"बघतोय. डब्यावर बसली आहे."

मी ओरडले, "थांबवा त्याला!" शिटी ऐकू आली. गार्ड वीस-पंचवीस पावलं पुढे जाऊन थांबला. नासीरभाई फोन हातात घेऊन धावले, मला सगळं ऐकू येत होतं. गार्ड विचारत होता, "काय झालं साहेब? लायसन आहे माझ्याकडे."

"मागे कोण होतं तुमच्या?"

"मागे? डबा आहे." मग तोच म्हणाला, "टायर बघता का जरा? पुलाच्या मध्यावर गाडी एकदम जड झाली. म्हटलं पंक्चर झाली. आता परत हलकी वाटते."

टायरमध्ये हवा होती. नासीरभाईंनी त्याला जाऊ दिलं आणि फोनवर मला म्हणाले, "थांबताना मी डोळ्यांनी बघत होतो. गाडी थांबली तेव्हा कोणी नव्हतं. बस कर. आज इथेच बंद करू."

मी ऐकलं नाही. माझ्या जागी दुसऱ्या मुलीला उभं केलं, स्कूटी काढली आणि निघाले. मला दोघांच्या तोंडावर सिद्ध करायचं होतं की हे सगळं उन्हामुळे होतंय.

लख्ख ऊन होतं. भरती नव्हती, चिखलात बगळे उभे होते. माझ्या पुढे एक ट्रेलर, मागे एक रिकामी स्कूलबस. साधारण मध्यावर स्कूटी खाली दबली… एखादं माणूस मागे बसताना दबते ना, अगदी तशी. एकदाच, हळूच. मी आरशात बघितलं. स्कूलबसचा ड्रायव्हर जांभई देत होता. बाकी काही नाही. ॲक्सिलरेटर पिळला तरी गाडी उचलेना. मी मागे वळून मात्र बघितलं नाही. का नाही, ते विचारू नका. मान वळलीच नाही.

उलव्याच्या टोकाला काका खुर्चीतून उठून उभे होते. मी कडेला थांबले, स्टँडवर गाडी लावली, उतरले. काका माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी पॅडवर लिहिलं.

"काय लिहिलंत?"

त्यांनी पॅड माझ्याकडे फिरवलं. माझ्या स्कूटीचा नंबर. समोर दोन.

मी म्हटलं, "काका, मी एकटी आहे. ही बघा, उतरले."

"तुमी उतरल्या," काका म्हणाले. त्यांची नजर स्कूटीच्या सीटवरून हलली नव्हती. "ती बसून हाय."

नासीरभाई जमिनीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी स्कूटीकडे बघितलं. सीट, त्यावर ऊन. दुसरं काहीच नाही. हात लावून बघावं असं मनात आलं. लावला नाही.

घरी तर जायचं होतं. नासीरभाई म्हणाले, "पुलावरून परत जाऊ नकोस. लांब पडलं तरी चालेल." म्हणून मी गव्हाण फाट्याकडून पनवेल, तिथून कळंबोली, मग सायन-पनवेल हायवे, असा वळसा घातला. सगळा वेळ स्कूटी जड. कळंबोलीच्या सर्कलला हवा तपासली, हवा बरोबर होती. खारघरजवळ सिग्नलला शेजारच्या रिक्षातली लहान मुलगी माझ्या मागे बघून हात हलवत होती, टाटा करतात तसा. तिच्या आईने तिचा हात खाली केला आणि तोंड फिरवलं. मुलं कुणालाही टाटा करतात, हे मलाही कळतं.

घरी माझी आई असते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन व्हायचंय, त्यामुळे तिला माणसं अंधुक दिसतात. पण पावलावरून ती सगळ्या बिल्डिंगला ओळखते. मी दार उघडून आत आले, चपला काढल्या. आई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली. ट्रेमध्ये दोन ग्लास होते.

"दोन कशाला?"

"कोन आलंय की तुज्यासंगं," आई म्हणाली. "बस म्हन की तिला. कवापासून दारातच हुबी हाय."

मी दार लावून घेतलं. आईला म्हटलं कुणी नाही, दमलेय, झोपते. बाहेरच्या खोलीत मी रात्रभर दिवा चालू ठेवला. वडिलांच्या फोटोकडे बघायची मला लाज वाटत होती.

सकाळी सहाला काकांचा फोन आला. त्यांनाही झोप लागली नव्हती. म्हणाले, "बाय, जिथं बसली तिथंच उतरवा. त्याच पुलावर, त्याच बाजूनं."

नासीरभाई स्वतः उरणहून बाईक घेऊन बेलापूरला आले. म्हणाले, "तू पुढे चल. मी तुझ्या मागे राहतो. थांबू नकोस, वळू नकोस."

पुलावर वर्दळ सुरू झाली होती. मी हँडल घट्ट धरलं होतं आणि समोरच्या टँकरच्या नंबरप्लेटवर नजर लावली होती. तोंड गच्च मिटलेलं. मध्यावर आल्यावर स्कूटी अचानक हलकी झाली आणि पुढे उसळली, इतकी की मी पडता पडता वाचले. उलव्याच्या टोकाला थांबून मागे बघितलं तर नासीरभाई नव्हते. पाच-सात मिनिटांनी आले. चेहरा पांढराफटक.

"उतरली?" मी विचारलं.

"उतरली."

"तुम्ही बघितलंत?"

त्यांनी बाईक बंद केली नाही. म्हणाले, "काम आटप. या पुलाचं काम परत घेऊ नकोस." आणि निघून गेले.

आता माझ्या चुकीचं सांगते. रिपोर्ट द्यायचा होता. त्या जास्तीच्या माणसांचं काय करायचं? काकांना विचारलं, आकडे बदलून देता का. ते म्हणाले, "खोटा आकडा मी उभ्या जल्मात लिवला नाय. तुमी लिवा." मी लिहिलं. सगळीकडे एक केलं आणि खाली टीप टाकली, की पलीकडच्या टोकाला नोंदणी करणाऱ्याकडून चूक झाली. काकांना कुणीतरी ते सांगितलं. त्यानंतर ते कामाला आले नाहीत. मी शिरवण्याला जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, सुनेची ओळख करून दिली, त्या विषयावर एक शब्द काढला नाही. ते मला अजून टोचतं. जे डोळ्यांना दिसलं ते लिहिणारा एकच माणूस होता, आणि मी त्यालाच खोटं पाडलं.

माझ्या परीने मी कारणंही शोधली. गाडी जड होण्याचं कारण वारा असेल, म्हणून वाऱ्याची माहिती काढली. तीनही दिवस वारा जेमतेम होता. ओहोटीशी जोडून बघितलं. दोन दिवस जुळलं, तिसऱ्या दिवशी नाही. उन्हामुळे एका माणसाला भास होईल, पण नासीरभाईंनाही तीच दिसली आणि आईला घरात. त्या आईला, जिला मी पुलाबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

या ईदला उरणला नासीरभाईंच्या घरी गेले होते. घरातली बाकीची मंडळी आत होती. त्यांनी शीरखुर्म्याच्या वाट्या समोर ठेवल्या, आतलं दार लोटलं. मग स्वतःहूनच म्हणाले, "एक विचारू? त्या सकाळी पुलावर तू तिच्याशी काय बोलत होतीस?"

मी म्हटलं, "मी? मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. समोर टँकरच्या नंबरकडे बघत होते."

नासीरभाईंनी मान हलवली. "पूल लागल्यापासून तू मान मागे वळवून बोलत होतीस, ज्योती. हसत होतीस. दोघी हसत होतात. गाडी सरळ कशी चालली होती, अल्लालाच ठाऊक. मध्यावर ती पुढे झुकली, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी काहीतरी विचारलं."

"मग?"

"तू मान हलवून हो म्हणालीस. तेव्हा ती उतरली."

त्यांना वाटत होतं की मी त्यांच्यापासून काहीतरी लपवते आहे. मी शपथेवर सांगितलं की मला काहीही आठवत नाही. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, मी सगळं ऐकून घेईन. ती कोण होती, हे कळलं नाही तरी आता चालेल मला. मी कशाला हो म्हटलंय, तेवढं कळायला हवं.