अण्णांची धार

पक्षाघाताने हात गेलेल्या प्रत्येक पेशंटला मी पहिल्याच दिवशी सांगते, हात हलला नाही तरी त्याच्याशी बोला. बहुतेक जण लाजतात. उचगावचे शामराव अण्णा लाजणाऱ्यांतले नव्हते. डाव्या हाताने उजवा उचलून ते मशीनच्या हातमोज्यात ठेवत आणि सगळ्या फिजिओथेरपी सेंटरला ऐकू जाईल असं खडसावत, "उठा की पावणं. किती दिस झोपून खानार?"

अण्णांचा उभा जन्म म्हशीच्या कासेखाली गेला. शहरातल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायचा. अंगावरून वारं गेलं आणि ते थांबलं. म्हैसही अशी हट्टी, की मुलगा राजू धारेला बसला की पान्हा चोरायची. राजू तिला विकायला निघाला होता. अण्णांना हात हवा होता तो एवढ्यासाठी.

तो हातमोजा म्हणजे बोटांवर बसवायचं यंत्र. बोटं जराशी हलली की उरलेलं काम ते करतं, मूठ मिटते आणि पडद्यावरचं सफरचंद टोपलीत पडतं. अण्णांना त्या सफरचंदांचा भारी राग. उचगावात सफरचंदं कोण तोडतंय, तिथं म्हस दाखवा की, म्हणायचे. पण टोपली भरू लागली तसे खुलले. मी कानीकपाळी ओरडत होते, अण्णा, निम्मा जोर मशीनचा आहे. ते हसण्यावारी न्यायचे. धारेचा माणूस तो, दुधाची चरवी भरली म्हणजे भरली.

टोपली काठोकाठ भरली, आणि दुसऱ्याच दिवशी अण्णांनी जुन्या गिऱ्हाइकांना कट्ट्यावर बोलावलं. मलाही. राजूने त्यांना म्हशीजवळ पाटावर बसवलं. अण्णांचा हात कासेला लागताच तिने पान्हा सोडला. सड टरारले. अण्णांची बोटं मिटली, पण त्यांत जोरच नव्हता. चरवीत धार वाजेना. आम्ही रिकामे पेले घेऊन उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजू पुढे झाला तर म्हशीने पाय झाडला.

तेव्हा अण्णा स्वतःच बाजूला सरकले. राजूला बसायला सांगितलं आणि भिंतीला टेकून तिच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिले, तिच्याशी हळू काहीबाही बोलत. हळूहळू तिने राजूला दूध दिलं. पेले भरले. मी माझा पेला न पिताच खाली ठेवला.

त्यानंतर अण्णा सेंटरला आले नाहीत. शेवटी मी फोन केला. म्हटलं, बोटं मिटतात हेही काही थोडं नाही, मशीनची मदत हळूहळू कमी करू, जोर येईल, धीर सोडू नका.

अण्णा म्हणाले, "म्हस आता राजूला देती, बाई. मी जवळ न्हाय गेलो तरी देती. आता हात येऊन करंल काय?"