दिव्याखालचा हात

लोसा नर्सबाई येत्या शुक्रवारी निवृत्त होणार. मग सावाई बेटावरच्या त्या लहानशा इस्पितळात फिलिमोना म्हातारबाला ओळखणारं कुणीच उरणार नाही, याचं तिला फार वाईट वाटतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्याकडे चार दिवसांचं एक पिवळंजर्द बाळ आलं होतं. आई पलीकडच्या खोलीत तापानं फणफणलेली, म्हणून बाळाजवळ आजोबा बसले होते. हेच फिलिमोना, जन्मभर होडीतून गळ टाकत आलेले. बाळ कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली उघडंबंब, डोळ्यांवर पट्टी, आणि रडून नुसता आकांत. उचललं की गप्प व्हायचं, पण मग दिव्याचा काय उपयोग? उद्याच्या तपासणीत कावीळ उतरली नाही, तर रक्त बदलायला बोटीनं पलीकडच्या बेटावर, आपियाच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागणार होतं. लोसा घाबरून त्याला थोपटत सुटली होती.

"पोरी, थापट्या मारून मासे पळवतेस की काय?" म्हातारबा म्हणाले. "सरक तिकडे. हात धुतलेत मी."

त्यांनी एक तळवा बाळाच्या डोक्याशी टेकवला, दुसऱ्यात दोन्ही पावलं गोळा करून धरली. पुढे काहीच करेनात.

"आता?" लोसानं विचारलं.

"आता काही नाही. गळ टाकल्यावर काय करतात? गप बसतात."

बाळ दोनदा दचकलं, एक हुंदका दिला आणि झोपलं. दोन दिवस म्हातारबा तसेच बसून होते. हात मोकळे नसत, म्हणून लोसा त्यांना पपईच्या फोडी भरवायची. कावीळ उतरली, बोटीची गरज पडली नाही. वर्षाच्या आत म्हातारबाच गेले.

काल तेच बाळ, म्हणजे आता टॅक्सी चालवणारा चांगला थोराड सेफो, आपल्या पिवळ्या लेकीला त्याच कोपऱ्यात, दिव्याखाली थोपटत बसला होता. लेक किंचाळत होती. शेवटी तो तिला उचलायला वाकला.

"उचलू नकोस रे. थोपटूही नकोस." लोसानं त्याचे हात धरून ठेवले, एक डोक्याशी, एक पावलांशी. "तुझ्या आजोबांनी तुला असंच धरलं होतं."

"मला त्यांना पाहिल्याचं आठवतच नाही, सिस्टर."

"कसं आठवणार? डोळ्यांवर पट्टी होती ना तुझ्या."

तो हसला. हळूहळू लेक रडायची थांबली. लोसाला पुढच्या खाटेकडे जायचं होतं. पण सेफोचे हात जरासुद्धा हलत नव्हते, आणि तिचा पाय निघेना.