माइकवरून घेतलेलं नाव

मित्रहो, आधी निषेध नोंदवतो. आज पिंपरी पेंढारच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेत समालोचकाला, म्हणजे मला, कोमट चहा मिळाला.

उद्घाटनाला पुण्याहून मानसिकता-तज्ज्ञ आणले होते. त्यांनी भर उन्हात अर्धा तास ‘सकारात्मक व्हा’ एवढंच सांगितलं. टाळ्या पडल्या त्या भाषण संपल्याबद्दल.

मग सामना. विलास सीमारेषेला चिकटून उभा. कप्तान ओरडला, “पुढं ये की राव!”

“नको भाऊ, बॉल माज्याकडं न्हाई आला तर बरं!”

“याची मानसिकताच नाही,” माझ्या शेजारी बसलेले तज्ज्ञ म्हणाले.

कुठून असणार? तीन वर्षांपूर्वी त्याच्या हातून एक झेल सुटला आणि मी माइकवरून त्याला ‘चाळण’ म्हणालो. मला विनोद सुचला याचा केवढा आनंद! गाव हसलं, ते अजून हसतंय. तेव्हापासून हा गडी चेंडूपासून लांब पळतो.

आज चेंडू त्याच्याकडेच उडाला. तो धावला, झेपावला. झेल सुटला.

“म्हणा की, चाळण!” गर्दी माझ्याकडे बघून ओरडली.

तुमच्याही तोंडून कुणाला असं काही चिकटलंय का? आठवून बघा.

मी माइकवर म्हणालो, “विलास दिघे वीस पावलं धावले. झेल अवघड होता.”

त्याचं नाव तीन वर्षं माझ्याकडे अडकून राहिलं होतं, ते आज परत केलं.

पुढच्या चेंडूआधी विलास, कुणी न सांगता, चार पावलं पुढे आला.